०.३० म्हणजे शून्य नव्हे

कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये लागलो तेव्हा पहिलं काम मिळालं ते तासगावकडच्या द्राक्षबागेसाठी तापमान-आर्द्रता पाठवणाऱ्या नोडचं, म्हणजे छोट्या बिनतारी बोर्डाचं. बटन सेल सीआर२०३२, दर १५ मिनिटांनी क्षणभर रेडिओ, बाकी वेळ झोप. टेबलावर मीटर २० मिलिअँपच्या रेंजला लावला, झोपेतला करंट ०.३० मिलिअँप दिसला. 'हे तर काहीच नाही' म्हणून बोर्ड बागेत पाठवला. महिन्याभरात सेल गार.

सरांनी ओरडा केला नाही, कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. सेल २२० मिलिअँप-अवरचा, भागिले ०.३. आले ७३३ तास, म्हणजे बरोबर महिना! मीटर खरं बोलत होता, मीच ऐकलं नव्हतं.

मग शहाणपणा म्हणून २०० मायक्रोअँपची (मायक्रोअँप म्हणजे मिलिअँपचा हजारावा भाग) रेंज लावली, तर बोर्ड सुरूच होईना. दोन दिवस कोड उसवत बसलो. दोष कोडचा नव्हताच. आमच्या स्वस्त मीटरमध्ये त्या रेंजला आतला रोध साधारण १ किलोओहम. सेल ३ व्होल्टचा आणि बोर्डाचा सगळा करंट मीटरमधूनच जातो, म्हणजे ३ मिलिअँपच्या वर काही जाणारच नाही, आणि रेडिओला हवेत १२. बोर्ड बिचारा उठायचा, उपाशी पडायचा, परत उठायचा.

उपाय पाच रुपयांचा. मीटरच्या दोन प्रोबांमध्ये साधा स्विच जोडा. बोर्ड सुरू होताना स्विच ऑन ठेवा, म्हणजे करंट मीटरला वळसा घालून जातो. बोर्ड झोपला की स्विच ऑफ करा आणि वाचा. पुन्हा उठायच्या आत ऑन करायला विसरू नका (मी तीनदा विसरलो). आधी मोठी रेंज, मग लहान.

२००० च्या रेंजला ३०० मायक्रोअँप दिसले. आकडा ओळखीचा वाटला: ३ व्होल्ट भागिले १० किलोओहम. सेन्सरच्या लाइनवर १० किलोओहमचा पुलअप (लाइन सेलच्या प्लसशी जोडणारा रोध) होता आणि झोपण्याआधी मी तीच पिन लो, म्हणजे शून्य व्होल्टला, करून ठेवली होती. कोडमधली एक ओळ बदलली, २०० च्या रेंजला २.१ मायक्रोअँप आले.

तरी पावसाळ्यात एका बोर्डाला ९ येत होते. सोल्डरिंगचा फ्लक्स (सोल्डर नीट बसावं म्हणून लावायचा चिकट पदार्थ) तसाच राहिलेला, वर सांगलीची दमट हवा, त्यातून करंट झिरपत होता. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने घासून वाळवला, तेव्हा उतरले. आता मीटर लावण्याआधी अपेक्षित आकडा वहीत लिहितो. जुळला नाही तर आधी मीटरची रेंज बघतो, मग बोर्ड.