सांगाडा शिकताना या चुका टाळा: पेटीतलं हाड आणि अंगातलं हाड

हाडांची पेटी उघडून पाच मिनिटं होत नाहीत, तोवर कोणीतरी विचारतंच, "मॅडम, एकूण २०६ ना?" हो, २०६. पण जन्मलेल्या बाळात ती २७० ते ३००च्या घरात असतात. नक्की आकडा तुम्ही काय काय सुटं धरता त्यावर ठरतो. पुढे माकडहाडाच्या वरचे पाच मणके जुळून सेक्रम होतं, तीन तुकडे मिळून कमरेचं एक हाड होतं. पायाच्या अंगठ्याखाली वाटाण्याएवढी दोन हाडं असतात, ती या २०६ मध्ये धरतच नाहीत. आकडा पाठ करा, हरकत नाही. पण त्यावर वर्ष काढू नका.

पेटीतलं हाड वाळकं, खडखडीत असतं, आणि मुलं अंगातल्या हाडालाही तसंच समजतात. मराठीत आपण हाडाची काडं करतो म्हणतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ते शरीररचनाशास्त्र वाटतं. खालच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

सगळ्यात मोठी चूक वाढीबद्दलची. "हाड लांब कसं होतं?" विचारलं की दहातले आठ जण हातांनी रबर ताणल्यासारखं करून दाखवतात. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने याचा निकाल १७२७ मध्येच लावला. कोंबडीच्या पिल्लाच्या पायाच्या हाडाला त्याने दोन बारीक भोकं पाडली आणि पिल्लू वाढू दिलं. हाड चांगलं लांबलं, भोकांमधलं अंतर मात्र तेवढंच राहिलं. म्हणजे मधला दांडा ताणला जात नाही, भर टोकांकडे पडते. तिथे कूर्चेची एक चकती असते, ग्रोथ प्लेट. तिच्यात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात, दांड्याकडच्या पेशी फुगून मरतात आणि त्या जागी हाड बसतं. जाडी वाढते ती हाडाच्या बाहेरच्या आवरणातून, पेरिऑस्टियममधून. त्याच वेळी आतून ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी हाड खात असतात, म्हणून मज्जेची पोकळीही रुंदावते. हे आतून खाणं उत्तरात कोणीच लिहीत नाही.

ही चकती एक्स-रेत दिसत नाही, दिसते फक्त काळी रेघ. ती रेघ मला चांगलीच महागात पडली. इंटर्न असताना एका रात्री बारा वर्षांचा मुलगा आला, खेळताना पाय मुरगळलेला. फिल्म धरली तर करंगळीच्या रेषेतल्या पाचव्या मेटाटार्सलच्या, म्हणजे पंजातल्या लांब हाडाच्या, बुडाशी स्वच्छ रेघ. मी खूश! फ्रॅक्चर सापडलं, कोणाला विचारायची गरज नाही. गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातलं आणि शांत झोपले.

सकाळी सीनियर आले. फिल्म उजेडाला धरून त्यांनी एवढंच विचारलं, "रेघ हाडाला आडवी आहे की लांबीच्या दिशेने?" लांबीच्या दिशेने होती. "वय?" बारा. त्यांनी प्लास्टर कापायला लावलं आणि मेटाटार्सलच्या बुडावर अंगठा दाबला. पोरगं ढिम्म. बोट घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटवर आणलं, तेव्हा ते कळवळलं. मी मोडलं समजले ते त्या वयात तिथे असणारं, अजून न जुळलेलं वाढीचं केंद्र होतं. तिथलं फ्रॅक्चर बहुधा आडवं जातं, हे मी वाचलेलं होतं, पण रात्री आठवलं नाही. मुलाची आई म्हणाली, "मग रात्रभर हे ओझं कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी आधी वय विचारते, मग फिल्म बघते. वय कळेपर्यंत फिल्म पालथी ठेवते. विद्यार्थी हसतात, हसू देत. दुसरं, जिथे रेघ दिसते तिथे बोट ठेवून दाबते. तरीही शंका राहिली तरच दुसऱ्या पायाचा एक्स-रे.

याची उलटी चूक जास्त वाईट. फिल्म स्वच्छ दिसली म्हणून मूल घरी पाठवायचं. सॉल्टर आणि हॅरिस यांनी १९६३ मध्ये ग्रोथ प्लेटच्या दुखापतींचे प्रकार मांडले. त्यातल्या पहिल्या प्रकारात चकतीतूनच चीर जाते आणि हाड सरकलं नसेल तर फिल्मवर काहीच दिसत नाही. नेमकं चकतीवर दाबून दुखत असेल, तर दुखापत आहे असंच धरून चालायचं.

दुसरी माझी नावडती गोष्ट म्हणजे डावं-उजवं ओळखायच्या युक्त्या. गुडघ्याची वाटी टेबलावर ठेवा, टोक पुढे करा, ज्या बाजूला कलंडेल त्या बाजूची. बरोबर आहे. पण का कलंडते? मागच्या पृष्ठभागावरचा बाहेरचा भाग मोठा असतो म्हणून. हे माहीत नसलेल्याला मी तोंडी परीक्षेत, व्हायव्हात, कडेला झिजलेली वाटी देते, आणि युक्ती तिथेच कलंडते. क्लॅव्हिकलचं, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाचंही तेच. मुलं ते उलटं धरून मोठ्या आत्मविश्वासाने चुकीची बाजू सांगतात. चपटं टोक खांद्याकडे, आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगीर, खाच खालच्या अंगाला. या तीन गोष्टी जुळल्याशिवाय तोंड उघडू नये. मी तर डोळे मिटून स्वतःचं क्लॅव्हिकल चाचपायला लावते. दोन दिवस लाजतात, मग जन्मभर विसरत नाहीत. जाता जाता, गर्भात सगळ्यात आधी हाड बनायला सुरुवात होते ती यातच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आणि याचं आतलं टोक जुळतं सगळ्यांच्या शेवटी, विशी उलटून गेल्यावर.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

पुरुषाला एक बरगडी कमी नसते. दोघांनाही बारा जोड्या.

शरीराचं वजन टिबिया, म्हणजे नडगीचं जाड हाड पेलते. तिच्या बाहेरच्या बाजूची बारीक फिबुला मुख्यतः स्नायूंना जागा देते आणि घोटा सांभाळते.

पॅराथॉर्मोन हे संप्रेरक थेट ऑस्टिओक्लास्टला हुकूम देतं असं लिहू नका. ते हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्टला सांगतं, तो पुढे ऑस्टिओक्लास्टना कामाला लावतो.

कार्यं लिहिताना "आधार, संरक्षण, हालचाल" एवढ्यावर पेन ठेवणाऱ्यांचे मी गुण कापते. रक्तपेशी कुठे बनतात? शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम कुठे साठतं?

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम, हेही डोक्यातून काढा. फिबुला सौम्य आम्लात पुरेशी भिजवली की क्षार निघून जातात, कोलॅजन उरतं आणि त्या हाडाला चक्क गाठ मारता येते. गाठ मारलेल्या अशा हाडाची एक बरणी माझ्या टेबलावर आहे. दर वर्षी कोणीतरी फिबुला आम्लात घालून दुसऱ्या दिवशीच वाकवायला बघतं आणि मोडून ठेवतं. मऊ व्हायला दिवस लागतात, बाबांनो.

आणि हाडं परत ठेवताना ज्या पेटीतली त्याच पेटीत ठेवा. माझ्या पेटीत सध्या तीन डाव्या फिबुला आहेत.