ऑफिससाठी युनिफाइड कम्युनिकेशन घेताय? या चुका टाळा

फोन, मीटिंग, चॅट, रेकॉर्डिंग सगळं एकाच सिस्टीममध्ये, हे चांगलंच आहे, मी स्वतः तेच बसवून देतो. पण लोक सिस्टीम निवडतात ती डेमो बघून. डेमो असतो विकणाऱ्याच्या नेटवर, दोन माणसांचा. तो चालणारच. तुमच्याकडं संध्याकाळी पंधरा जण एकदम फोनवर असतात तेव्हा काय होतं ते बघायला हवं ना.

स्वतःचं नेटवर्क न तपासता खरेदी, ही सगळ्यात मोठी चूक. भोसरीतल्या एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीनं क्लाउड फोन, म्हणजे नेटवरून चालणारे फोन, घेतले, 100 एमबीपीएसची फायबर लाईन होती म्हणून सगळे निर्धास्त. चालू केल्यापासून तक्रारी, दुपारनंतर आवाज तुटतो आणि काही कॉल उचलल्यावर बरोब्बर 32 सेकंदांनी कट होतात. व्हेंडर म्हणे नेट खराब आहे, नेटवाला म्हणे स्पीड टेस्ट बघा पूर्ण येतोय, आणि या भांडणात ग्राहकांचे कॉल जात होते. मला बोलावलं तेव्हा मालक दुसरी सिस्टीम घ्यायला निघाले होते, वर्षाचे पैसे आधीच भरलेले असताना.

प्रत्यक्षात दोन वेगळे घोळ होते. दुपारी सीसीटीव्हीचं फुटेज आणि टॅलीचा बॅकअप अपलोड व्हायचा, त्यात अपलोड भरून जायचा. एका कॉलला साधारण 100 केबीपीएस धरा, म्हणजे वीस कॉलना 2 एमबीपीएस, स्पीड भरपूर होता, पण आवाजाचा डेटा बॅकअपच्या मागे अडकून उशिरा पोचला की कॉल तुटणारच. राउटरमध्ये क्यूओएस लावून आवाजाला प्राधान्य दिलं, बॅकअप रात्रीचा केला, झालं. 32 सेकंदांचं कारण राउटरमधलं एसआयपी एएलजी. एसआयपी म्हणजे नेटवरचे कॉल मेसेज पाठवून जोडायची-तोडायची पद्धत, आणि एएलजी म्हणजे त्या मेसेजमध्ये हात घालणारं राउटरमधलं सेटिंग. हे बऱ्याच राउटरमध्ये आधीपासून चालू असतं आणि मेसेजमधले पत्ते मधल्यामधे बदलतं, मग कॉल उचलल्याची पोच पुढं जात नाही, आणि पोच आली नाही तर 32 सेकंदांनी कॉल सोडायचा हे एसआयपीच्या नियमातच आहे. एक टिक काढली आणि कॉल कटायचे थांबले. आता कुठंही गेलो की एएलजी चालू आहे का ते आधी बघतो, फोनचा खोका नंतर उघडतो.

आणि पैसे द्यायच्या आधी जिथं सगळ्यात जास्त फोन येतात तिथं, म्हणजे सेल्स नाहीतर डिस्पॅचला, चार-पाच फोन लावून आठवडाभर खरे कॉल घ्यायला लावतो. बरेच जण कुरकुरतात, सोमवारपासून सगळं चालू पाहिजे म्हणतात. घाई केली की महिनोन् महिने तक्रारी ऐकाव्या लागतात, आणि त्या ऐकते रिसेप्शनवरची मुलगी, तिचा काहीच दोष नसताना. याचा मला खरंच राग येतो.

दुसरी चूक नंबरची. मोबाईल नंबर 2011 पासून देशभर पोर्ट होतात म्हणून लँडलाईनचाही होईल असं लोक धरून चालतात. नाही होत, आपल्याकडं पोर्टेबिलिटी मोबाईलपुरतीच आहे. जो नंबर वर्षानुवर्षं बिलबुकावर, बोर्डावर, टेम्पोवर छापलाय ती लाईन आधी बंद करून टाकली की जुनं गिऱ्हाईक फोन करून थकतं आणि दुसरीकडं जातं. जुनी लाईन निदान वर्षभर ठेवा, गेटवे (जुनी लाईन नव्या सिस्टीमला जोडणारा डबा) लावून नव्या सिस्टीमवर घ्या, आणि या मधल्या काळात नवा नंबर सगळ्यांना कळवा.

लाईट गेल्यावर काय, हे कुणी विचारतच नाही. जुना तांब्याच्या तारेवरचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, नेटवरच्या आयपी फोनला मात्र स्विच, राउटर आणि फायबरचा डबा तिन्ही यूपीएसवर लागतात. एक जरी राहिला तरी सगळे फोन बंद.

व्हॉट्सअॅपवर भागतंय म्हणणाऱ्यांनी सेल्समन नोकरी सोडतो तेव्हा ग्राहकांचं बोलणं कुणाच्या मोबाईलमध्ये राहतं ते बघावं.

कुणी फारच स्वस्तात ट्रंक, म्हणजे सिस्टीमला बाहेरच्या कॉलसाठी लागणारी लाईन, देत असेल तर आधी टेलिकॉम परवाना मागा, दाखवला नाही तर विषय संपला.

लायसन्स माणसामागे असतं, त्यामुळं गेटवरच्या आणि पॅन्ट्रीतल्या फोनला मीटिंगवालं महागडं लायसन्स घेऊ नका, तिथं साधं एक्स्टेंशन पुरतं. आणि सिस्टीम सोडायची वेळ आली तर रेकॉर्डिंग आणि कॉलचा हिशेब डाउनलोड करून मिळेल का, हे सही करायच्या आधी लेखी घ्या, फोनवर "हो सर, होऊन जाईल" म्हणाले त्यावर जाऊ नका.