नवखे टिकायला लागले ते असे

आमच्या फॅन विकीवर (चाहत्यांनी मिळून लिहिलेल्या ऑनलाइन कोशावर) नवीन माणूस यायचा, एक संपादन करायचा आणि गायब! पानांच्या बदलांचा इतिहास चाळला तर दोष माझाच निघाला. एका पात्राच्या माहितीचौकटीतले (पानावरच्या थोडक्यात माहितीच्या तक्त्यातले) शेवटचे दोन महिरपी कंस }} कुणाकडून पुसले गेले, पान विस्कटलं, आणि मी कारण न लिहिता सरळ ‘उलटवा’ दाबून त्याचं संपादन रद्द केलं होतं.

आता आधी नवख्याच्या चर्चापानावर (निरोपांच्या पानावर) दोन ओळी लिहितो. बिघडलेली माहितीचौकट त्याच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, चिकटवतो आणि ‘झलक पहा’ दाबत हरवलेले कंस त्यालाच शोधायला लावतो. अगदीच नवखा असेल तर फक्त दुवा जोडायचा: शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकटी कंस [[ ]], बस्स. जुनी आवृत्ती इतिहासात शाबूत राहते हे एकदा दाखवलं की भीती जाते. लांबलचक नियमावली पाठवणं बंद केलंय. ती मीही पूर्ण वाचलेली नाही.