छोट्या कुत्र्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन: घरी होणाऱ्या या चुका टाळा

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला पहिले चार दिवस सगळं घर जपतं. पायाला टाके दिसत असतात, तो कण्हत असतो, कोणी त्याच्या जवळून जोरात चालतसुद्धा नाही. खरा धोका तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असतो. तोवर दुखणं गेलेलं असतं, पाय टेकायला लागलेला असतो, शेपटी हलत असते, आणि आतलं हाड मात्र अजून भरलेलं नसतं. ते भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. सर्जनचं काम दीड-दोन तासांचं, पुढचे आठ आठवडे तुमचे. म्हणून हे सगळं इंदूरच्या आपल्या घरांकडे बघून लिहिते आहे: गुळगुळीत टाईल्स, गच्चीचा जिना, आजीच्या हातची पोळी आणि सकाळी गाणं वाजवत येणारी कचरागाडी.

लंगडणं सवयीचं समजणं

पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्की अशा छोट्या जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून आत सरकण्याचा त्रास फार आढळतो. लक्षण एकदा कळलं की विसरत नाही. कुत्रा पळता पळता मागचा एक पाय उचलून धरतो, तीन-चार पावलं तिन्ही पायांवर टाकतो, पाय मागे झटकतो आणि काही झालंच नाही असा पुन्हा पळू लागतो. खिडकीची सरकती काच खोबणीतून निसटावी आणि धक्का बसताच परत बसावी, तसं आत चाललेलं असतं. घरातले म्हणतात, 'त्याची सवयच आहे ती.' ती सवय नसते. वाटी दर वेळी सरकताना कूर्चा घासते.

या त्रासाच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत वाटी हाताने ढकलली तर सरकते आणि सोडली की परत येते. तिथे बहुधा ऑपरेशन लागत नाही, वजन आटोक्यात ठेवायचं आणि लक्ष ठेवायचं. चौथ्या पायरीत वाटी कायम खोबणीबाहेरच असते आणि हाताने जागेवर बसवताही येत नाही. दुसऱ्या पायरीत कुत्रा वारंवार लंगडत असेल, किंवा प्रकरण तिसऱ्या-चौथ्या पायरीवर गेलं असेल, तर डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. मांडीच्या हाडातली वाटी बसायची खोबण खोल करतात, आणि गरज असेल तर नडगीच्या हाडाचा वाटीची दोरी जिथे जोडलेली असते तो तुकडा थोडा बाहेर सरकवून पिनांनी बसवतात. त्या पिना लक्षात ठेवा, पुढे त्यांचा विषय येणार आहे.

अचानक पूर्ण लंगडायला लागलेल्या कुत्र्याचं कारण वेगळं असू शकतं. गुडघ्याच्या आतला क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तुटलेला असतो. तो आपोआप जुळत नाही आणि त्याचं ऑपरेशनही वेगळं असतं. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: वाटी, लिगामेंट की दोन्ही? आणि हेही विचारा की छोट्या कुत्र्यांचे गुडघे ते नेहमी करतात का. असं विचारण्यात कसला संकोच? दुसरं मत हवं असेल तर इंदूरकरांना महू जवळ आहे. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे.

तपासण्या 'उगाच खर्च' म्हणून टाळणं

आपल्याकडे गोचिडांचा ताप फार. त्याचा जंतू, एर्लिशिया, अंगात असला तर कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, पण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स उतरलेल्या असतात. अशा कुत्र्याला टेबलावर घेतलं तर रक्त थांबता थांबत नाही. रक्ताची पूर्ण तपासणी आणि लिव्हर-किडनीचे आकडे यांवर काट मारू नका. कुत्रा सात-आठ वर्षांच्या पुढचा असेल आणि हृदयाचा आवाज वेगळा येत असेल तर भूल देण्याआधी हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. छोट्या जातींत उतारवयात झडपेचा आजार नेहमीचा आहे.

चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगा. खाजेसाठी दिलेली स्टिरॉइडची गोळी विशेष करून सांगा, कारण स्टिरॉइड आणि सूज उतरवणारं वेदनाशामक एकत्र पोटात गेलं तर जठरात व्रण पडू शकतात.

उपाशी ठेवण्यातही गडबड होते. प्रौढ कुत्र्याचं खाणं साधारणपणे आदल्या रात्रीपासून बंद करतात, पाणी सकाळपर्यंत चालतं. पण दीड-दोन किलोच्या जिवाची किंवा पिल्लाची साखर लवकर उतरते. त्याचे तास डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, माणसांच्या ऑपरेशनचा नियम त्याला लावू नका.

तारीख घेताना कॅलेंडर उघडा. त्या आठ आठवड्यांत दिवाळी येत असेल तर फटाक्यांना दचकून पिंजऱ्यात उसळणारा कुत्रा सांभाळावा लागेल. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, त्या दिवशी जुन्या इंदुरातून दवाखान्यात गाडी नेणं अवघड. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि दाट केसांच्या कुत्र्याला एका जागी बांधून ठेवायचं असतं, तेव्हा कूलर किंवा एसीची खोली हवीच. डॉक्टर 'लगेच करा' म्हणाले तर यातलं काही बघू नका. थांबायला वाव असेल तरच निवड करा.

घर नंतर आवरू, असं म्हणणं

ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी पिंजरा आणा. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढाच. 'बिचाऱ्याला मोकळं वाटू दे' म्हणून मोठा आणला तर तो आतल्या आत उड्या मारेल. दार उघडं ठेवून जेवणाची वाटी आत द्यायला लागा, दुपारची झोप तिथे होऊ द्या. जो कुत्रा पिंजऱ्यात पहिल्यांदा ऑपरेशनच्याच दिवशी जातो, तो रात्रभर दार खरवडतो. गळ्यात घालायच्या प्लास्टिकच्या कोनाचीही तशीच ओळख आधी करून द्या.

व्हिट्रिफाइड टाईल आणि पॉलिश केलेली कोटा फरशी या दोन्ही अशा पायाच्या वैरी आहेत. जिथून तो चालणार त्या पट्ट्यावर योगा मॅट किंवा रबरी चटई अंथरा. साधी पायपुसणी नको, ती स्वतःच घसरतात. नखं कापून घ्या आणि पंजाच्या गादीमधले वाढलेले केस कातरून घ्या, त्या केसांमुळे पाय बर्फावर ठेवल्यासारखा सरकतो. दिवाण आणि सोफ्यावर चढायच्या जागा उशा रचून बंद करा. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घ्या, कारण पॉमेरेनियनसारख्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते.

घरी आणताना आणि पहिली रात्र

स्कूटरवर पायांच्या मध्ये बसवून आणू नका. गाडी किंवा रिक्षा करा, कुत्रा टोपलीत किंवा कॅरियरमध्ये ठेवा आणि गतिरोधकांवर सावकाश घ्यायला सांगा. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली. काखेत धरून उचललं की मागचे पाय लोंबकळतात.

पहिल्या रात्री तो कुईकुई करतो आणि घाबरून लोक जास्तीची गोळी देतात. थांबा. काही वेळा ते भुलीच्या औषधांचं ओसरणं असतं. लघवी लागली आहे का, एकाच कुशीवर अवघडला आहे का, पुढच्या डोसची वेळ झाली आहे का, हे बघा. अंग ताठ करून थरथरत असेल, धापा टाकत असेल, जवळ गेल्यावर गुरगुरत असेल तर ते दुखणं आहे. तेव्हा डॉक्टरांना फोन करा. शौच दोन-तीन दिवस झालं नाही तरी चालतं. लघवी मात्र एका दिवसाच्या आत व्हायलाच हवी.

लघवीला नेताना जुनी सुती ओढणी घडी करून पोटाखालून घ्या आणि दोन्ही टोकं हातात धरा. त्याला उचलायचं नाही, मागचा भार फक्त हलका करायचा. नर कुत्रा असेल तर ओढणी थोडी पुढे घ्या, नाहीतर पहिल्याच फेरीत भिजेल. जिना असेल तर उचलूनच न्या, एक पायरीसुद्धा चढू देऊ नका.

माणसांची गोळी देणं

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉल घरात असतंच, आणि 'अर्धी गोळी दिली तर काय होतं' असंही घरात कोणीतरी म्हणतंच. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, किडन्या निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलने लिव्हरला इजा होते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं मेलॉक्झिकॅम किंवा कार्प्रोफेनसुद्धा खाण्यासोबत आणि वजनाच्या हिशोबानेच द्यायचं. उलटी, किंवा डांबरासारखं काळं शौच दिसलं तर पुढचा डोस न देता डॉक्टरांशी बोला. दोन दिवसांत बरा दिसतो म्हणून अँटिबायोटिक अर्ध्यावर सोडू नका.

टाक्यांवर हळद, खोबरेल, कडुलिंबाचा पाला यांतलं काहीही लावायचं नाही. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर आंघोळ नाही आणि कोन काढायचा नाही. 'आपण बसलोय ना समोर' म्हणून कोन काढतात, आणि फोन उचलायला वळेपर्यंत त्याने दोन टाके ओढलेले असतात.

बरा दिसतोय म्हणून मोकळा सोडणं

माझ्या लेखी हीच सगळ्यात मोठी चूक. लोकमान्य नगरात आमच्या ओळखीच्या घरी एक पॉमेरेनियन होता, चौथ्या आठवड्यात अगदी छान चालणारा. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं, आणि रोजच्या सवयीने तो दिवाणावरून उडी मारून फाटकाकडे धावला. पिन हलली, दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागलं. त्या घरातल्या कोणाचं लक्ष नव्हतं असं नाही. तो दिवाणावर होता, कारण तो आता बरा आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

म्हणून तुमचा कुत्रा कशाकशावर उसळतो त्याची यादी ऑपरेशनच्या आधीच करा. कचरागाडी, दारावरची बेल, दूधवाला, गल्लीतली कुत्री, मुलांची शाळेतून येण्याची वेळ. त्या त्या वेळी तो पिंजऱ्यात किंवा पट्ट्याला बांधलेला हवा. सकाळी दारातली बेल बंद ठेवा. कामवाल्या ताईंना, पाहुण्यांना, मुलांना एकच वाक्य सांगून ठेवा: पट्टा हातात असल्याशिवाय पिंजऱ्याचं दार उघडायचं नाही. एकत्र कुटुंबात हे सगळ्यात अवघड जातं, कारण कोणाला तरी दया येतेच. ती दया ओळखून तिला वाट काढून द्या. आजीला त्याच्याजवळ बसू द्या, कान खाजवू द्या, जेवण चाटायच्या मॅटवर किंवा टॉवेलच्या घडीत लपवून द्यायचं काम तिच्याकडे सोपवा. वास घेत शोधण्यात डोकं थकतं आणि पाय शांत राहतात.

बाहेर नेणं म्हणजे लघवी-शौचापुरतं, आखूड पट्ट्यावर. आणि हळू, अगदी कंटाळवाणं वाटेल इतकं हळू. वेगात त्याला तीन पायांवर पळणं सोपं जातं, संथ चालीत मात्र चौथा पाय टेकावाच लागतो.

लाडाचं खाणं

पाच किलोच्या कुत्र्याला पिंजऱ्यात पडून राहण्याच्या काळात दिवसाला साधारण २३५ ते २७५ कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी शंभरच्या वर जाते. म्हणजे आजीने प्रेमाने दिलेली एक पोळी त्याचा जवळजवळ अर्धा दिवस भरून काढते, आणि त्यावर त्याचं नेहमीचं जेवण होतंच. चार-साडेचार किलोच्या देहावर वाढलेला अर्धा किलो नव्या गुडघ्यावर येतो. जेवण मोजून द्या आणि आठवड्याला एकदा वजन करा. तुम्ही त्याला घेऊन काट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा.

रविवारच्या पोह्यांत कांदा असतो. कच्चा असो की शिजलेला, कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या दुधाच्या शिकंजीत सुकामेवा असतो, आणि बेदाणे किडनीला घातक. शेव आणि पोह्यांवरचा जिरावन मसाला तर बघायलाच नको. ताट जमिनीवर ठेवून जेवायची सवय असेल तर हे दोन महिने टेबलावर जेवा.

मालीश आणि शेक

पहिले दोन-तीन दिवस बर्फ कपड्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गरम शेक सूज उतरल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच. तेल लावून रगडणं साफ नको. पाय वाकवण्या-सरळ करण्याचे व्यायाम डॉक्टरांनी तुमच्यासमोर करून दाखवले तरच करा, आणि तो तोंड वळवून तुमच्या हाताकडे बघू लागला की तिथेच थांबा.

फोन कधी करायचा

टेकणारा पाय अचानक पुन्हा उचलून धरला. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला कातडीखाली टोचणारा उंचवटा हाताला लागला, तर पिन सरकली असू शकते. जखमेतून पू, वास, वाढती लाली. गुदद्वारात घेतलेला ताप १०३ फॅरनहाइटच्या वर; कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ असतो, म्हणून हात लावून 'तापलाय' म्हणू नका, डिजिटल थर्मामीटर आणा. दोन आठवडे होऊनही पाय अजिबात टेकत नसेल तरी विचारा. कातरलेले केस लवकर आले नाहीत तर मात्र घाबरू नका, पॉमेरेनियनमध्ये त्याला कधी कधी वर्षसुद्धा लागतं.

सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रे काढायचाच, 'चालतोय की छान' म्हणून चुकवायचा नाही. हाड भरलेलं दिसलं की मग फेरी पाच-पाच मिनिटांनी वाढवा, आधी सपाट रस्ता, मग जिना, आणि दिवाणावरची उडी सगळ्यात शेवटी. त्याच भेटीत दुसरा गुडघाही तपासून घ्या. हा त्रास पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो, आणि ऑपरेशन झालेल्या पायाकडे सगळ्यांचं लक्ष असताना दुसऱ्याने मुकाट्याने जास्तीचा भार उचललेला असतो.