लिनक्स सर्व्हरच्या बॅकअपमध्ये सिमलिंक अडतात तेव्हा

सिमलिंक म्हणजे दुसऱ्या एखाद्या ठिकाणचा पत्ता तेवढा साठवून ठेवणारी नोंद. बॅकअप घेताना तो पत्ता जसाच्या तसा उतरवायचा की त्या पत्त्यावरचा मजकूर उचलायचा, हे आपण फाइली उतरवणाऱ्या आरसिंक या प्रोग्रामला नीट सांगितलेले नसते आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. नुसता ‘आर’ हा पर्याय दिला असेल, तर आरसिंक ‘स्किपिंग नॉन-रेग्युलर फाइल’ असे म्हणून लिंक वगळतो आणि पुढे जातो. त्याऐवजी ‘ए’ हा पर्याय द्यावा. त्यात लिंक लिंक म्हणूनच उतरवणारा लहान ‘एल’ अंतर्भूत असतो.

‘सिमलिंक हॅज नो रेफरंट’ हा संदेश मात्र मोठा ‘एल’ वापरल्यावर दिसतो. या पर्यायाने आरसिंक लिंकमागची खरी फाइल शोधतो, ती सापडत नाही आणि शेवटी काम अर्धवट झाल्याचा २३ हा कोड मिळतो. अशा तुटक्या लिंक फाइंड कमांडला ‘एक्सटाइप एल’ ही अट देऊन आधीच शोधून काढता येतात. यादी हाती आली की सरसकट पुसून टाकू नये. एखादी लिंक माउंट न झालेल्या, म्हणजे सध्या न जोडलेल्या डिस्ककडे बोट दाखवत असेल, तर दोष लिंकचा नसतो. आणि ईमॅक्स या संपादकात उघडलेल्या फाइलशेजारी दिसणारी, टिंब व हॅश यांनी सुरू होणारी लिंक तर मुद्दामच अस्तित्वात नसलेल्या नावाकडे नेणारी असते. अशा नोंदी आरसिंकच्या ‘एक्स्क्लूड’ या वगळण्याच्या पर्यायात घालाव्यात.

मोठा ‘एल’ शक्यतो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादी लिंक स्वतःच्याच वरच्या डिरेक्टरीकडे जात असेल, तर आरसिंक त्याच फाइली पुन्हा पुन्हा उतरवत खोल जात राहतो आणि एका पत्त्यात चाळीसहून अधिक लिंक झाल्या की कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘टू मेनी लेव्हल्स ऑफ सिम्बॉलिक लिंक्स’ म्हणून त्याला थांबवतो. तोपर्यंत बॅकअपची डिस्क भरलेलीही असू शकते.

वेबसाइटना सुरक्षा प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांचे उदाहरण पाहा. ती मिळवणारा सर्टबॉट हा प्रोग्राम ‘लाइव्ह’ डिरेक्टरीत प्रत्येक प्रमाणपत्रासाठी चार लिंक ठेवतो. खऱ्या फाइली ‘आर्काइव्ह’मध्ये असतात आणि नूतनीकरणानंतर त्यांच्या नावातला आकडा वाढतो. केवळ ‘लाइव्ह’चा बॅकअप ‘ए’ पर्यायाने घेतला, तर एकही त्रुटी न येता हाती फक्त चार पत्ते उरतात. मोठ्या ‘एल’ने घेतला, तर मजकूर मिळतो, पण पुनर्स्थापनेनंतर सर्टबॉट तिथे सिमलिंकच असायला हवी म्हणून नूतनीकरण नाकारतो. म्हणून ‘लाइव्ह’, ‘आर्काइव्ह’ आणि ‘रिन्युअल’ यांच्यासह संपूर्ण लेट्सएन्क्रिप्ट डिरेक्टरी ‘ए’ पर्यायाने उतरवावी. हाच नियम इतरत्रही लागू होतो: लिंक तशीच राहू द्यावी आणि तिचे लक्ष्य बॅकअपच्या कक्षेत आणावे.

स्रोत म्हणून दिलेली डिरेक्टरी स्वतःच लिंक असेल, तर पत्त्याच्या शेवटच्या तिरप्या रेघेने फरक पडतो. ती नसेल तर ‘ए’ पर्यायाने केवळ लिंक उतरते, असेल तर आतला मजकूर.

बॅकअपची डिस्क एक्सफॅट या फाइल-रचनेची असेल, तर तिच्यावर सिमलिंक तयारच होत नाहीत आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे उत्तर मिळते. तिथे सरळ अनेक फाइली एकात बांधणाऱ्या टारची फाइल करून ठेवावी. ‘एच’ पर्याय दिला नाही तर टार लिंक लिंक म्हणूनच जपतो.

पुनर्स्थापनेची चाचणी त्याच सर्व्हरवर वेगळ्या डिरेक्टरीत घेत असाल, तर एक फसगत लक्षात ठेवावी. मुळापासून पूर्ण पत्ता असलेली लिंक तिथे चालू सर्व्हरच्या खऱ्या फाइलकडेच जाते, त्यामुळे बॅकअपमध्ये ती फाइल नसतानाही सारे ठीक दिसते. ही चाचणी दुसऱ्या यंत्रावर किंवा निदान सीएचरूट करून, म्हणजे ती डिरेक्टरीच मूळ डिरेक्टरी मानायला लावून, घ्यावी.