वावरात सशाचे पिल्लू किंवा जखमी ससा सापडल्यास काय करावे

नागपूर जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, की काटोल, कळमेश्वर, हिंगणा, उमरेड या भागांतून सशाची पिल्ले सापडल्याच्या गोष्टी कानावर येऊ लागतात. सोंगणी करणाऱ्यांना झाडांच्या बुडाशी मुठीएवढे, तपकिरी, डोळे उघडे असलेले पिल्लू दिसते. ते पळत नाही, आवाज करत नाही आणि त्याची आई आसपास कुठेही नसते. पाहणाऱ्याला दया येते, पिल्लू दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणले जाते, त्याला गायीचे दूध पाजले जाते आणि बहुतेक वेळा काही दिवसांतच ते दगावते. म्हणून सर्वांत आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी: अशी एकटी सापडलेली बहुतेक पिल्ले पोरकी नसतात. त्यांना उचलून आणणे म्हणजे जिवंत आईपासून तोडणे होय.

आपल्याकडील रानससा हा भारतीय ससा असून त्याच्या मानेवर मागच्या बाजूस काळा डाग असतो. हा ससा बीळ खणत नाही. मादी गवतात, पिकात किंवा धुऱ्यावरच्या झुडपाखाली उथळ खळग्यात पिल्लांना जन्म देते आणि ती जन्मतःच अंगभर केस असलेली, डोळे उघडे असलेली असतात. घरात पाळला जाणारा पांढरा ससा मात्र युरोपातील रानसशाचा वंशज आहे. त्याची पिल्ले उघड्या अंगाची आणि मिटलेल्या डोळ्यांची असतात व काही दिवस घरट्यातच राहतात. परदेशातील चित्रफितींमध्ये सशांच्या घरट्यांबद्दल जो सल्ला दिलेला असतो, तो अशा घरट्यात वाढणाऱ्या सशांसाठी असतो आणि आपल्या वावरात तो लागू पडत नाही.

रानसशाची मादी दिवसभर पिल्लांपासून मुद्दाम दूर राहते, कारण तिच्या वासाने कोल्हा, मुंगूस, रानमांजर किंवा गावातील कुत्री पिल्लांपर्यंत पोहोचू शकतात. ती साधारणपणे दिवस मावळल्यावर येते, काही मिनिटे दूध पाजते आणि निघून जाते. तिच्या दुधात गायीच्या दुधापेक्षा कित्येक पटींनी जास्त स्निग्धांश असल्याने तेवढ्यावर पिल्लाचे दिवसभर भागते. त्यामुळे भर दुपारी पिल्लू एकटे, निश्चल, कान पाठीला चिकटवून बसलेले दिसले, तर ते अगदी ठीक आहे असे समजावे आणि तिथून निघून जावे.

पिल्लाला खरोखर मदतीची गरज आहे का, हे ठरवण्यासाठी शक्यतो हात न लावता थोड्या अंतरावरून पाहावे. अंगावर जखम किंवा रक्त आहे का? मुंग्या लागल्या आहेत का? डोळे, कान, शेपटीखालचा भाग किंवा जखमेच्या कडा येथे माशीने तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी घातली आहेत का? हे शेवटचे लक्षण पुष्कळांच्या नजरेतून सुटते, आणि उष्ण हवेत त्या अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या निघून पिल्लाचे मांस पोखरू लागतात. याशिवाय पिल्लू गारठलेले आणि मलूल असणे, पोट खपाटीला गेलेले असणे, ते सतत इकडेतिकडे सरपटत असणे, कुत्र्याने किंवा मांजराने त्याला तोंडात धरलेले असणे किंवा दूध पाजणारी मादी जवळच मेलेली आढळणे, यांपैकी काहीही असल्यास मदत आवश्यक आहे.

पिल्लू धडधाकट आहे, पण सोंगणी थांबवता येत नाही किंवा हार्वेस्टर त्या तासात येणार आहे, अशी अडचण अनेकदा येते. अशा वेळी हातात ओले गवत किंवा हातमोजे घेऊन पिल्लू अलगद उचलावे आणि सर्वांत जवळच्या धुऱ्यावर, दाट गवतात, सावलीत ठेवावे. अंतर जितके कमी तितके चांगले, कारण मादी संध्याकाळी जिथे पिल्लू सोडले होते त्याच जागेच्या आसपास त्याला शोधते. माणसाचा हात लागल्याने आई पिल्लाला टाकून देते, हा समज खरा नाही. तेव्हा कुणी आधीच उचलून घरी नेले असेल, तर त्याच दिवशी ते मूळ जागी परत ठेवण्यास अजिबात संकोच करू नये. एका जागी दोन-तीन पिल्ले सापडली, तर ती जवळजवळच ठेवावीत. त्यानंतर त्या भागात कुत्री येऊ देऊ नयेत, टॉर्च मारून पाहत बसू नये आणि सर्वांनी तिथून दूर जावे. माणसे उभी राहिली तर मादी येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच दुरून पाहावे. पिल्लू उबदार, शांत आणि पोट भरलेले असेल, तर मादी येऊन गेली आहे.

आता जखमी सशाविषयी. समृद्धी महामार्गावर, अमरावती रस्त्यावर किंवा रिंग रोडलगतच्या मोकळ्या जमिनीवर रात्री वाहनाची धडक बसलेले ससे आढळतात, गावाकडे कुत्र्यांनी फाडलेले आढळतात, आणि दुर्दैवाने फाशात अडकलेलेही आढळतात. या प्राण्याचा निम्मा जीव भीतीनेच जातो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नाही. पकडल्याच्या ताणाने सशाचे स्नायू आणि हृदय निकामी होऊन, जखम किरकोळ असतानाही तो मरू शकतो. म्हणून मलमपट्टीच्या आधी अंधार आणि शांतता यांची सोय करावी.

उचलण्यापूर्वी खोके तयार ठेवावे. पुठ्ठ्याचे, झाकण असलेले, ससा वळू शकेल पण उडी मारू शकणार नाही एवढे खोके घ्यावे, त्याला बाजूंनी भोके आधीच पाडावीत (आत प्राणी असताना भोके पाडल्यास तो घाबरून स्वतःला इजा करून घेतो) आणि तळाशी जुने सुती कापड अंथरावे. तारेचा पिंजरा वापरू नये, कारण ससा त्यावर डोके आपटून घेतो. मग मागच्या बाजूने येऊन जाड टॉवेल किंवा दुपट्टा त्याच्या डोक्यासकट अंगावर टाकावा, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून अंगाशी धरून उचलावे. मागच्या पायांना आधार देणे फार महत्त्वाचे आहे. हवेत जोराने लाथ झाडली, तर सशाचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. कान धरून ससा कधीही उचलू नये.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने काही मिनिटे हलका दाब द्यावा. त्यापलीकडे हळद, फिनाईल, पेट्रोल किंवा घरातील मलम असे काहीही लावू नये. तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. दूध, बिस्किट, गाजर देऊ नये. धक्क्यात असलेल्या प्राण्याची पचनसंस्था बंद पडलेली असते आणि गायीच्या दुधाने पिल्लाला जुलाब लागून ते मरते. माणसांची औषधे तर मुळीच देऊ नयेत. अमॉक्सिसिलिनसारखे नेहमीचे प्रतिजैविक तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचा तोल बिघडून त्याचा जीव जाऊ शकतो. मांजराने धरलेला ससा वरून ठीक दिसला, तरी दातांच्या बारीक जखमा केसांखाली लपलेल्या असतात आणि मांजराच्या लाळेतील जिवाणू एक-दोन दिवसांत घात करतात. अशा सशाला त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे पोहोचवावे.

फाशात अडकलेल्या सशाच्या बाबतीत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. तार जिथे खुंटीला बांधलेली असते, तिथून ती कापावी. अंगात रुतलेला फास मात्र स्वतः सोडवू नये. दबलेल्या भागातील मांस काही दिवसांनी कुजू लागते, त्यामुळे मोकळा होताच पळून गेलेला ससा नंतर मरण्याची शक्यता असते. फास जिथे लावला होता ती जागा वन विभागाला अवश्य कळवावी.

हिवाळ्यात, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, गारठलेल्या पिल्लासाठी कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे ऊब जास्त झाल्यास त्याला दुसरीकडे सरकता येते. उन्हाळ्यात नेमके उलटे करावे लागते. मे महिन्यात, नवतपा सुरू असताना, नागपुरात पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि बंद मोटारीत ठेवलेले खोके थोड्याच वेळात जीवघेणे ठरते. उन्हाने धापा टाकणाऱ्या सशाला सावलीत न्यावे आणि त्याचे कान साध्या पाण्याने ओले करावेत, कारण ससा अंगातील उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो. बर्फ किंवा फ्रीजचे पाणी वापरू नये.

हे सर्व करत असतानाच वन विभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या 1926 क्रमांकावर फोन करावा. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर असून जखमी वन्यप्राण्यांवर तिथे उपचार होतात. तालुक्याच्या ठिकाणी असल्यास वनपरिक्षेत्र कार्यालयाशी संपर्क साधावा. रानससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित आहे आणि त्याला घरी पाळणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. मुलांना पिल्लाचा लळा लागतो हे खरे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे, की त्यांना पिल्लू हाताळू न देता खोके तयार करण्याचे काम द्यावे. पाळीव सशांच्या पिंजऱ्यात रानपिल्लू ठेवू नये, तसेच नकोसे झालेले पाळीव ससे गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या परिसरात सोडू नयेत.

सशाच्या अंगावर गोचिड्या असू शकतात, म्हणून हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम 15 मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी व धनुर्वात आणि रेबीजच्या लसीविषयी विचारावे.

ससा ताब्यात देताना तो नेमका कोणत्या वावरात किंवा रस्त्याच्या कोणत्या किलोमीटरजवळ, किती वाजता सापडला, त्याला काही खाऊ-पिऊ घातले होते का आणि कुत्रा-मांजराचा संबंध आला होता का, हे एका कागदावर लिहून खोक्याला चिकटवावे. पशुवैद्यकाला उपचार ठरवताना ही माहिती लागते आणि बरा झालेला ससा शक्यतो त्याच परिसरात सोडण्यासाठी वनकर्मचाऱ्यांनाही ती उपयोगी पडते.