दुकान घेऊ की ऑनलाइन विकू? नागपुरात धंदा टाकणाऱ्यांसाठी हिशोब

नोकरीचा कंटाळा आला किंवा घरातल्या कोणाच्या हाताला चव आहे असं चार लोकांनी म्हटलं की पहिला प्रश्न हाच, दुकान पाहायचं की ऑनलाइनच करायचं. उत्तर पण प्रत्येकाजवळ तयार असते. वडीलधारे म्हणतात दुकान म्हणजे दुकान, लोकं ओळखतात, आणि पोट्टे म्हणतात भाडं काहून भरायचं, इन्स्टावर टाकू ना. दोघंही अर्धच सांगून राहिले. भाडं दोन्हीकडे आहे बावा. दुकानात ते दर महिन्याला एकरकमी जाते म्हणून टोचते, ऑनलाइनमध्ये प्रत्येक ऑर्डरमागे थोडं थोडं जाते, कुरिअर, कमिशन, परत आलेला माल, जाहिरात, म्हणून दिसत नाही. तुमच्या मालाला यातलं कोणतं भाडं झेपते ते कसं काढायचं ते सांगतो.

आधी माल पहा, जागा नंतर

तुम्ही जे विकणार ते गिऱ्हाइकाला हातात घेऊन पाहावं लागते का? चप्पल, चष्म्याची फ्रेम, लग्नाची साडी, इथे लोकांना घालून, अंगावर टाकून पाहायचं असते, म्हणून ऑनलाइन विकलं तरी परत येण्याचं प्रमाण जास्त राहते. दुसरं, ते आत्ताच्या आत्ता लागते का? गीझर बंद पडला, कुकरची रबर तुटली, पाहुणे आले, अशा वेळी कोणी पार्सलची वाट पाहत बसत नाही, जवळच्या दुकानात पळते. आणि तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तुमच्याजवळ जे आहे ते दुसरीकडे मिळते का?

मोबाइलचे कव्हर, प्लास्टिकचे डबे, कुर्ती, असा माल इतवारी-गांधीबागेतून ठोकमध्ये उचलून ऑनलाइन टाकायचा विचार बरेच जण करतात. पण तिथे तुमची टक्कर शेजारच्या दुकानाशी नाही, सुरत-दिल्लीहून थेट विकणाऱ्याशी आहे, आणि तो तुमच्या खरेदीच्या भावात विकून राहिला. असा माल दुकानातच बरा, कारण तिथे गिऱ्हाईक सोयीचे पैसे देते. याउलट सावजी मसाला, सरगुंडे, ज्वारीचे पापड, हे पुण्या-मुंबईत राहणाऱ्या वैदर्भी माणसाला तिथे मनासारखं मिळत नाही, तो दोन पैसे जास्त देईल आणि पार्सलची वाटही पाहील. आपण बनवलेला माल ऑनलाइन, दुसऱ्याचा माल दुकानात, ढोबळमानाने असंच धरून चाला.

इथे एक मध्येच सांगतो, संत्री ऑनलाइन विकू ही आयडिया नागपुरात दर सीझनला कोणाला तरी येतेच. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, नाव मोठं आहे, सगळं खरं. पण आपल्या संत्र्याची साल सैल असते, दाबलं की फळ आतून खराब होते आणि वरून दिसत नाही, गिऱ्हाईक चार दिवसांनी फोटो पाठवते. कळमन्यातून पेटी उचलली आणि खोक्यात टाकली एवढं सोपं नाही ते. नवीन माणसाने संत्रा बर्फीपासून सुरू करावं, तिला निदान शेल्फ लाइफ असते.

दुकानाचा हिशोब दिवसावर आणा

भाडं महिन्याचं असते म्हणून आपण महिन्याचा विचार करतो, तिथेच गल्लत होते. उदाहरणापुरते आकडे धरू, तुम्ही तुमचे टाका. भाडं २०,०००, एक पोरगा १२,०००, वीज आणि किरकोळ ४,०००, झाले ३६,०००. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं म्हटलं तर दिवसाला जवळपास १,३८५ रुपये नुसते शटर वर करायचे. मार्जिन २५ टक्के असेल तर रोज साडेपाच हजारांची विक्री झाली तेव्हा तुम्ही शून्यावर आले, घरी न्यायला अजून एक रुपया नाही. यात डिपॉझिट, फर्निचर आणि कपाटात अडकून पडलेल्या मालाचे पैसे धरलेच नाहीत. आता स्वतःला विचारा, तुमच्या मालाची एक बिलाची रक्कम साधारण किती? दीडशे रुपयांचं बिल असेल तर रोज ३७ गिऱ्हाइकं पाहिजेत, दीड हजाराचं असेल तर चार.

आणि हे सरासरीने नका काढू. एप्रिल-मेचा हिशोब वेगळा लावा. पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, नवतपात तर विचारूच नका, विक्री होते ती संध्याकाळी सहानंतर आणि कूलर मात्र दिवसभर चालू. पोळा ते दिवाळी आणि लग्नसराई, यातले पैसे त्या दोन महिन्यांसाठी राखून ठेवावे लागतात.

जागा पाहायला गेले की दलाल सांगेल भाऊ इथे लय गर्दी असते. गर्दी मोजायची नाही, पिशव्या मोजायच्या. समोरच्या चहावाल्याकडे तासभर बसा, एकदा आठवड्यातल्या कोणत्याही साध्या संध्याकाळी आणि एकदा रविवारी, आणि आजूबाजूच्या दुकानांतून किती लोकं हातात पिशवी घेऊन बाहेर पडून राहिले ते पहा. बर्डी मेन रोडवर माणसांचा लोंढा असते पण त्यातले बरेच मेट्रोकडे चाललेले, नाहीतर फुटपाथवरच भाव करणारे. धरमपेठ-गोकुळपेठेत लोकं कमी पण खिसा सैल, फक्त गाडी लावायला जागा नाही मिळाली तर ते पुढे निघून जातात. मनीषनगर-बेसाकडे नवीन वस्ती आहे, तिथे रोजच्या वापराचं चालते, हौसेचं घ्यायला लोकं अजून शहरातच येतात असं माझं मत. आणि एक प्रश्न शेजारच्या दुकानदाराला नक्की विचारा, समोरचा रस्ता खोदणार आहेत का? आपल्याकडे सिमेंट रोड नाहीतर उड्डाणपूल कुठे ना कुठे चालूच असते, आणि दुकानासमोर खड्डा पडला की गिऱ्हाईक गाडी थांबवत नाही, तुमचं भाडं मात्र थांबत नाही.

या सगळ्याच्या बदल्यात दुकान काय देते तर चेहरा. गिऱ्हाईक एक घ्यायला येते आणि तीन घेऊन जाते, जाहिरातीशिवाय परत येते. पैसे हातात, यूपीआयवर घेतले तरी जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापायचं शुल्क, शून्य आहे. उधारी मात्र दुकानातच होते, ऑनलाइनवाला कोणी वहीत लिहून ठेवा म्हणत नाही.

ऑनलाइनचा हिशोब एका खोक्यावर करा

हा भाग नीट वाचा, पैसे इथेच बुडतात. कुरिअरवाला नुसतं वजन पाहत नाही, खोक्याचं माप पण पाहते आणि दोन्हीतलं जे जास्त त्याचे पैसे लावते. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि ५,००० ने भागा, बहुतेक ठिकाणी हाच आकडा आहे, येईल ते किलो.

आता कुरडई आणि पापड घ्या, दोन्ही अर्धा किलो, दोन्ही एकाच घरचे. कुरडई फुगीर, दाबली तर भुगा होते, म्हणून ३० बाय २५ बाय २० चं खोकं लागलं. गुणाकार १५,०००, भागिले ५,०००, म्हणजे ३ किलो. माल अर्धा किलो आणि पैसे तीन किलोचे. पापडाची चळत सपाट, २० बाय २० बाय ५ मध्ये बसते, २,००० भागिले ५,०००, ०.४ किलो, म्हणजे अर्ध्या किलोच्या स्लॅबमध्ये. समजा अर्ध्या किलोला ४० रुपये पडले तर पापडाला ४० आणि कुरडईला २४०. तीनशेच्या कुरडईवर २४० कोण देते? म्हणून पापड पुण्याला पाठवा आणि कुरडई खामला-प्रतापनगरात स्कूटीवर पोचवा. तुमचा माल कोणताही असो, नाव, लोगो, पेज या भानगडीत पडायच्या आधी एक खोकं पॅक करून मापा.

मग येते परत आलेलं पार्सल, कुरिअरच्या भाषेत आरटीओ, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन. कॅश ऑन डिलिव्हरीवर मागवणारे भरपूर, दारात आलं की घरी नाही म्हणणारेही भरपूर. दहा ऑर्डर गेल्या, एका ऑर्डरवर तुम्हाला ८० सुटतात, आणि दोन परत आल्या. आठ गुणिले ऐंशी, ६४०. परत आलेल्या दोन्हीवर जायचे ४०, यायचे ४०, पॅकिंग १५, असे ९५ प्रत्येकी, म्हणजे १९० गेले. उरले ४५०. तुम्ही समजत होते ऐंशी, पडले पंचेचाळीस, आणि खायचा माल असेल तर परत आलेलं पाकीट दुसऱ्याला पाठवता पण येत नाही. उपाय साधा आहे, आधी पैसे घ्या, त्यासाठी दहा-वीस रुपये सूट द्या, आणि कॅशवालीच ऑर्डर असेल तर पाठवायच्या आधी एक फोन करा. फोनवर जो माणूस चाचरते त्याचं पार्सल बांधूच नका.

मोठ्या प्लॅटफॉर्मवर गेले तर कमिशन आणि बाकीची फी वेगळी, शिवाय पैसे तुमच्या हातात काही दिवसांनी येतात, तोवर पुढचा माल पदरच्या पैशाने घ्यावा लागते. स्वतःची वेबसाइट केली तर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे जमा करून देणारी कंपनी, साधारण दोन टक्के घेते, त्यावर जीएसटी. आणि वेळ कोणी धरतच नाही. फोटो काढा, रात्री अकराला प्राइस प्लीज वाल्यांना उत्तरं द्या, त्यातले निम्मे नंतर गायब. दुकानाला निदान कुलूप लागते.

कागदपत्रं

इथे ऑनलाइनवाल्यांना जास्त काळजी घ्यावी लागते. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, सेवेला ही मर्यादा २० लाख, हे सगळ्यांना माहीत असते. जे माहीत नसते ते हे, की माल राज्याबाहेर पाठवला की ही मर्यादा चालत नाही, पहिल्या विक्रीपासून नंबर पाहिजे. आपल्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे कारण मध्य प्रदेश इथून हाकेच्या अंतरावर. छिंदवाड्याचं गिऱ्हाईक बर्डीवर येऊन पिशवीत घालून घेऊन गेलं तर काही नाही, तेच पार्सल तुम्ही छिंदवाड्याला पाठवलं की राज्याबाहेरची विक्री झाली. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे, ती तुमच्या मालाला लागते का ते सीएला विचारा. प्लॅटफॉर्मवर विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून एवढी सोय झाली की फक्त राज्यातच विकणाऱ्या लहान विक्रेत्याला जीएसटी नंबरशिवाय, नुसत्या एनरोलमेंट नंबरवर विकता येते. जीएसटी नंबर असेल तर प्लॅटफॉर्म तुमच्या पैशातून टीसीएस, म्हणजे आधीच कापायचा कर, कापते, जुलै २०२४ पासून तो १ वरून ०.५ टक्क्यावर आला, रिटर्नमध्ये क्रेडिट घ्यायला विसरू नका.

खायचं काहीही असेल, घरून असो की दुकानातून, एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी लागतेच, छोट्या धंद्याचं बेसिक रजिस्ट्रेशन वर्षाला १०० रुपयांत होते. पाकिटावर नाव-पत्ता, वजन, एमआरपी, माल बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी नंबर पाहिजे. शॉप अ‍ॅक्टची, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याची, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते जर तुमच्याकडे दोन-चारच माणसं कामाला असतील. उद्यम, म्हणजे लहान उद्योगाचं सरकारी रजिस्ट्रेशन, फुकट आहे, कोणी त्याचे दोन हजार मागितले तर सरळ उठून या.

मग करायचं काय

माझं विचाराल तर नागपुरात एकदम शटर पण नको आणि एकदम देशभर पार्सल पण नको. गणपतीच्या आसपास घरून सुरू करा, दिवाळीपर्यंत एक-दोन प्रदर्शनांत स्टॉल लावा, स्टॉलचं भाडं हे दुकानाच्या भाड्याची स्वस्तातली ट्रायल आहे असं समजा. तिथे आलेल्या प्रत्येकाचा नंबर आणि एरिया लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग पाठवा, गूगल मॅपवर नाव टाका. गावात आपल्याच माणसाने पोचवायचं, एका बाजूच्या ऑर्डर एकाच दिवशी, म्हणजे सोमवारी धंतोली-रामदासपेठ तर मंगळवारी नंदनवन-सक्करदरा, पेट्रोल वाचते. गांधीबागेतले साडीवाले पण आता व्हिडिओ कॉलवर साड्या उलगडून दाखवतात, म्हणजे जुने दुकानदारही दोन्ही करूनच राहिले.

दिवाळीनंतर वही उघडा. ऑर्डर गावाबाहेरच्या जास्त असतील तर दुकानाचा विचार सोडा, पॅकिंगला एखादी खोली पहा, ती गल्लीत आत असली तरी चालते. ऑर्डर एकाच भागातून येऊन राहिल्या आणि लोकं तुमचं दुकान कुठे आहे, येऊन पाहायचं आहे असं म्हणून राहिले, तर त्याच भागात लहानशी जागा घ्या, मेन रोडवरच पाहिजे असं नाही.

जागा घेताना लीव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करा, अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे, नोटरीवर भागवू म्हणणाऱ्या मालकाचं ऐकू नका. भाडं दरवर्षी किती वाढणार, बोर्ड कुठे लावता येईल, विजेचं मीटर वेगळं आहे का, हे सगळं त्यात लिहून घ्या. लॉक-इनचं कलम, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी जागा सोडता येत नाही ते, सही करायच्या आधी दोनदा वाचा, बरेचदा ते फक्त तुम्हालाच बांधून ठेवणारं असते आणि मालक मात्र महिन्याच्या नोटीसवर मोकळा.